तेराव्या महिन्याचं पेर

“पाय वर! पाय खाली आणू नका तिचे! आणखी एक उशी द्या. ती नाही, तो लोड, लोड द्या!”

ओरडत मीच होते. आमच्या बोरीवलीच्या वाडीत त्या दिवशी कोजागिरी. सकाळचे दहा वाजलेले. माझी नणंद मनू मधल्या खोलीतल्या खाटेवर उताणी, खाटेच्या पायथ्याखाली दोन-दोन विटा, पायांखाली उशांची चळत. डोकं खाली नि पाय वर. आदल्या सकाळपासून तिला कळा येत होत्या आणि मी त्या आल्या पावली परत पाठवत होते. माझ्या मोजणीप्रमाणे मूल यायला अजून सव्वीस दिवस होते. कच्चं मूल बाहेर पडलं तर हाताला लागत नाही, हे मला ठाऊक होतं, आणि मला जे ठाऊक असतं ते सगळ्या वाडीला मान्य असतं. शेजारच्या दोघी माझ्या हुकमासरशी धावत होत्या. मनू पदराचं टोक दातांत धरून माझ्याकडे बघत होती.

ह्याला तीन वर्षं झाली. माझी बाकी आठवण मला पाहिजे तशी वाकते, रंग लावून घेते, दोनाचे चार करते. ही खाट मात्र विटांवरून खाली उतरत नाही.

यंदा श्रावण दोनदा आलाय. म्हणजे आधी एक खोटा, मग एक खरा. चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा आखूड. दर वर्षी थोडं थोडं मागे पडतं, आणि तिसऱ्या वर्षाच्या आसपास कुणीतरी शहाण्याने त्याला एका महिन्याचं ठिगळ लावून ठेवलेलं आहे. पंचांगात त्याला अधिक मास म्हणतात, आमच्या तोंडी तो धोंड्याचा महिना. त्यात लग्न नाही, मुंज नाही, घरभरणी नाही. सगळ्या शुभ कार्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवलेली. मान असतो तो फक्त जावयाला. त्याला घरी बोलवायचं, तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे, वर दिवा, आणि ते वाण त्याच्या हातात द्यायचं. महिना धरायचा नाही, पण अनारसे मात्र मोजून तेहतीस. एक कमी नको, एक जास्त नको.

आठ-दहा दिवसांपूर्वी अनारशांचे तांदूळ भिजत घातले. त्या भिजल्या तांदळाचा एक वास असतो, जरासा आंबूस, जरासा गोड, बाळंतिणीच्या खोलीला येतो त्याच्या जवळपासचा. पाणी बदलायला हात घातला आणि अंगठा आपोआप बोटांच्या पेरांवरून फिरायला लागला. मी हात तसाच पाण्यात धरून ठेवला.

आता माझा हा अंगठा काय चीज होता ते सांगायला पाहिजे. हे, म्हणजे आमचे यजमान, म्हणतात की माझं बोलणं ऐकताना अर्धं सोडून द्यावं. कुठलं अर्धं, ते मात्र पंधरा वर्षांत त्यांना सांगता आलेलं नाही. तर, बाई कधी मोकळी होणार हे सांगण्यात बोरीवलीच्या टेकड्यांपासून खाडीपर्यंत माझा हात धरणारं कुणी नव्हतं. बाईने नुसता महिना नि तिथी सांगायची. माझा पाढा तयार. माघाची कार्तिकात, फाल्गुनाची मार्गशीर्षात, चैत्राची पौषात. वर नऊ दिवस. चार बोटांची बारा पेरं, बारा महिन्यांना एकेक घर. अंगठा निघाला की नेमका मुक्कामावर जाऊन टेकायचा.

नुसत्या पाढ्यावर मी विसंबत नसे. बाई उंबरा ओलांडताना कुठला पाय आधी टाकते, जात्यावरून उठताना हात कुठे ठेवते, पोट छातीशी आहे की खाली उतरलंय, हे मी बघायची. सगळ्यांत पक्की खूण म्हणजे डबे. जी बाई नऊ महिने सुस्तावून बसलेली असते, ती अचानक एका सकाळी उठून फडताळातले डबे काढून घासायला लागली, की चार दिवसांत सुटलीच समजा. जिवाला कुठून तरी निरोप जातो, की पाहुणा निघालाय, घर आवरून ठेव. पोस्टमास्तरांच्या सुनेला मी लोणच्याच्या बरण्या पुसताना पाहिलं आणि तिच्या सासूला तिथल्या तिथे सांगितलं की पाणी तापवा. सासू हसली. पाणी तापायच्या आत नातू झाला. म्हणजे, चूल पेटायच्या आतच म्हणा.

तबेल्यातला भैय्यासुद्धा म्हशीबद्दल विचारायला यायचा. एका म्हशीला मी गुरुवार सांगितला होता. ती बुधवारी दुपारपासूनच तयार होती म्हणे, पण माझा शब्द खाली पडू नये म्हणून बिचारी गुरुवार उजाडेपर्यंत उभीच राहिली. आणि माझा स्वतःचा थोरला? मी सांगितलेल्या दिवशी, सांगितलेल्या घटकेला आला, आणि आल्या आल्या सुईणीकडे असं बघितलं, की उशीर कुणामुळे होतोय ते कळू द्या.

हसा. वाडीही हसायची. पण हसून झालं की दिवस विचारायची.

माझा एकच प्रतिस्पर्धी होता, हिराबाय. ती खाडीपलीकडच्या गोराईहून मासे घेऊन यायची. भरतीला तिची होडी अलीकडच्या काठाला लागायची, ओहोटीला नुसता गुडघाभर चिखल. त्यामुळे ती रोज कालच्यापेक्षा पाऊण तास उशिरा दारात. हिराबाय बरोबर बाराच्या सुमाराला आली, की समजायचं आज पुनव किंवा अवस. आमच्या घरी घड्याळ होतं, पण ते चावी दिली तर चालायचं. हिराबायला चावी लागत नसे.

तिचं शास्त्र वेगळं. पाणी चढताना पोर येतं, पाणी उतरताना म्हातारं जातं. महिने मोजायचे नाहीत, बाईकडे बघायचं आणि पाण्याकडे बघायचं. मला ते अडाणीपणाचं वाटायचं. मी जुन्या सातवीपर्यंत शिकलेली, पंचांग वाचणारी.

मनू त्या वर्षी पहिलटकरीण. माझं लग्न झालं तेव्हा ती अकरा वर्षांची होती, आई नसलेली. सासूबाईंच्या जागी तिला दिसले ते माझेच हात. तिच्या वेण्या मी घातल्या, तिला न्हाण आलं तेव्हा कोपऱ्यात बसून काय करायचं ते मी सांगितलं, तिला पालघरच्या शाळामास्तराच्या घरी मी दिली. जावई वसंतराव, गरीब स्वभावाचा माणूस. बोलताना आधी घसा साफ करायचा आणि मग बोलायचाच नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे माझ्याकडे. मनूने तिथी सांगितली, माघ शुद्ध द्वितीया. अंगठ्याला चालावंसुद्धा लागलं नाही. माघाची कार्तिकात. वर नऊ दिवस. कार्तिकी एकादशी! विठोबाचाच दिवस, बघ मनू, असं मी म्हटलं, आणि ती एवढी लाजली की दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

त्या वर्षी भादवा दोनदा आला होता. पंचावन्न साल.

अधिक भादव्यात वसंतरावांना बोलावलं. मनू तेव्हा माझ्याकडे येऊन राहिली होती. पाऊस नुसता लागून होता, वाडीतल्या विहिरीचं पाणी हाताने घेता येईल इतकं वर आलेलं. आम्ही दोघी चुलीपाशी बसलो. ती पोटामुळे पुढे वाकू शकत नव्हती, म्हणून पाटावर तिरकी बसून केळीच्या पानावर खसखस पसरायची आणि गोळा थापून माझ्याकडे सरकवायची. मी तळायची. अनारसा एकाच बाजूने तळतात, उलटत नाहीत. खसखशीची बाजू वर, त्यावर झाऱ्याने तूप उडवत राहायचं, मग जाळी पडते. पीठ जरा सैल असलं की अनारसा कढईत पडल्या पडल्या पसरतो, फुटून जातो. त्याला अनारसा हसला असं म्हणतात. त्या दिवशी पहिले चार हसले. मनूही हसली. पोट धरून हसायचं तर पोट एका हातात मावत नव्हतं. मी म्हटलं, पुरे, नाहीतर इथेच चुलीपाशी मोकळी होशील. ती म्हणाली, वहिनी, तू दिलेला दिवस अजून आला नाही, मी कशी होईन?

तेहतीस आम्ही दोघींनी मिळून मोजले. दोनदा मोजले. ती एक म्हणायची, मी दोन.

आणि तो महिना, ज्यात बसून आम्ही हे मोजत होतो, तो मात्र माझ्या बोटावर नव्हता. कारण बोटावर भादव्याचं पेर एकच. बारा पेरं आहेत, बारा नावं आहेत. भादवा दोनदा येवो नाहीतर दहादा, अंगठा त्याच्यावर एकदाच टेकणार आणि पुढे आश्विनाकडे जाणार. तेरावा महिना माझ्या अंगणातून आला, तीस दिवस राहिला, अनारसे खाऊन गेला. माझ्या हातात त्याला बसायला जागाच नव्हती.

पोटातल्या जिवाला मात्र धोंडा म्हणजे काय हे कुणी सांगितलेलं नसतं. हा महिना मळका, ह्यात वाढू नकोस, असं त्याला कोण सांगणार? ते आपलं रोज वाढतं. खोट्या भादव्यातही वाढतं आणि खऱ्यातही.

गणपती त्या वर्षी उशिरा बसले. आरती झाल्यावर मनू दूर्वा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, वहिनी, गणपती यंदा महिनाभर मागे गेले ना? मी म्हटलं, गेले, मग? काही नाही, म्हणाली, आणि दूर्वा निवडत राहिली. मला वाटलं मोदकांची आठवण आली असेल. मी तिला आणखी एक मोदक दिला.

त्याच सुमाराला तिला स्टेशनाजवळच्या प्रसूतिगृहात दाखवून आणलं होतं, एकदाच. डॉक्टरीणबाईंनी पोटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, तुम्ही सांगता त्यापेक्षा दिवस पुढचे वाटतात. शेवटची पाळी कधीची, इंग्रजी तारीख सांगा. त्यांनी मनूला विचारलं होतं. उत्तर मी दिलं. तारखा आमच्या घरात फक्त पगाराच्या लक्षात ठेवतात, आणि आमच्या घराण्यात मुलं जात्याच थोराड, माझ्या थोरल्याला तर पहिल्या दिवशी सहा महिन्यांचं झबलं घातलं होतं, असं काय काय सांगितलं. बाई हसल्या. पंधरा दिवसांनी परत आणा म्हणाल्या. मी आणली नाही. पाढा माझ्याकडे असताना कशाला?

दसऱ्याच्या दोन दिवस आधी मी बाजारातून आले तर मनू फडताळापाशी. सगळे डबे खाली काढलेले, पितळेचे, पत्र्याचे, अगदी वरच्या फळीवरचा सासूबाईंच्या वेळचा डबासुद्धा, आणि ही चिंच लावून घासतेय. घामाने केस कपाळाला चिकटलेले. माझ्याच शास्त्रातली सगळ्यांत पक्की खूण माझ्याच घरात खळखळ वाजत होती. पण दसरा होता ना. दसऱ्याला सगळ्याच बायका भांडी घासतात. मी म्हटलं, राहू दे गं, दसऱ्याचं मी करीन. ती म्हणाली, आता बरं वाटतंय, जिना चढताना धाप लागत नाही. म्हणजे पोट उतरलं होतं. तेही मी ऐकलं आणि म्हटलं, हवा बदलली, पाऊस गेला, त्यामुळे.

खुणा सगळ्या होत्या. आधी दिवस ठरवला, म्हणून त्या दिसल्या नाहीत. आधी खुणा बघितल्या असत्या तर दिवस दिसला असता. जगात एवढं सोपं दुसरं काही नसेल.

हिराबाय दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आली. टोपली उतरवली, पायरीवर बसली आणि मासे दाखवायचे सोडून मनूकडे बघत राहिली. मग म्हणाली, “पोट उतरलाय गो हिचा. पुनवेच्या उधानाला मोकली होल.”

पुनवेला, म्हणजे चार दिवसांनी. मला राग आला. मनूसमोर माझ्या दिवसाच्या आधीचा दिवस सांगते? मी म्हटलं, हिराबाय, तू तुझ्या टोपलीतले बोंबील मोज, आमचे महिने मी मोजते.

“बोंबील मोजून नाय इकत गो बाय,” ती म्हणाली. “वाटा लावतंव. बगून.”

हे ऐकून मी एवढी हसले की शेजारीण बाहेर आली. तिला सांगितलं, मग हळदीकुंकवाला चार जणींना सांगितलं, आणि प्रत्येक वेळी हिराबायच्या तोंडी आणखी दोन वाक्यं घातली. बघून वाटा लावते म्हणे! तीन वर्षं तेवढंच एक वाक्य माझ्या कानात आहे, माझी घातलेली गळून गेली.

कोजागिरीच्या आदल्या सकाळी मनूच्या कमरेत कळ आली. मी म्हटलं, खोट्या कळा आहेत, पहिलटकरणीला येतात. दुपारी ती म्हणाली, वहिनी, पातळ ओलं झालं. मी म्हटलं, बाळ दाबतंय, लघवी झाली असेल, लाजू नकोस. संध्याकाळी कळा जवळ जवळ यायला लागल्या तेव्हा मात्र माझा धीर सुटला. धीर सुटला की माझा आवाज चढतो. विटा आणल्या, उशा लावल्या. आतल्याला आतच थांबवायचं. जे तीस दिवस मी मोजले नव्हते, ते मी त्याच्याकडून मागत होते. यजमान दोनदा म्हणाले, प्रसूतिगृहात नेऊ या का? मी म्हटलं, टांग्याच्या हिसक्यांनी कच्चं पडेल, तुमच्या बहिणीचं नुकसान करायचंय का तुम्हाला? ह्या घरात ह्या विषयावर माझ्यापुढे कोण बोलणार?

तर ती सकाळ. मी ओरडत होते. कुणाच्या तरी घरात कोजागिरीचं दूध आटायला ठेवलेलं, त्याचा वास येत होता, जायफळाचा, केशराचा. बाहेर शरदाचं असं स्वच्छ ऊन की वाळत घातलेल्या धोतराकडे बघवत नव्हतं. आणि बाराच्या सुमाराला दारात टोपली आदळल्याचा आवाज आला.

हिराबाय सरळ आत आली. आमच्या मधल्या खोलीत त्याआधी ती कधी आली नव्हती. विटा बघितल्या, उशा बघितल्या, मनूचं तोंड बघितलं.

“दारान आयलेल्या पावन्याला दार लावतेस काय गो?” ती म्हणाली आणि वाकून स्वतःच्या हाताने विटा काढायला लागली.

मी अडवलं नाही. माझ्यात काही उरलं नव्हतं. टांगा आणायला हे धावले. प्रसूतिगृहापर्यंत मनूचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि पाय हिराबायच्या. सगळ्या टांग्याला माशांचा वास. मनू एकदाच बोलली. म्हणाली, वहिनी, पाय खाली घेतले, चालेल ना?

मुलगी झाली. पाणी उतरायला लागलं होतं तेव्हा. रडली नाही. नर्सबाईंनी उलटी धरली, पाठ चोळली, सगळं केलं. मग एका पांढऱ्या फडक्यात गुंडाळून टेबलावर ठेवली आणि मला विचारलं, काल का आणली नाहीत?

मी म्हटलं, अजून महिना होता.

नर्सबाईंनी फडक्याची घडी बाजूला केली आणि तो एवढासा हात माझ्यासमोर उलटा धरला. बोटांच्या टोकांपुढे नखं आली होती. पुरी, गुलाबी नसलेली, निळसर, पण पुरी. एका गालावर बारीक ओरखडाही होता, स्वतःचाच. डोक्यावर काळं दाट जावळ.

“पुऱ्या दिवसांची आहे,” त्या म्हणाल्या.

इतका वेळ मी जे काही सांगितलं, त्यात कुठे दोनाचे चार असतील तर असोत. त्या नखांना मी हात लावलेला नाही. ती होती तेवढीच सांगितली.

वसंतराव दुसऱ्या दिवशी आले. प्रसूतिगृहाच्या पायरीवर माझ्या शेजारी बसले. घसा साफ केला. मग त्यांनी विचारलं, वहिनी, कच्ची होती का? मी हो म्हटलं. ते म्हणाले, मग तुमचा तरी काय इलाज. आणि माझी समजूत घालायला त्यांनी माझ्या पुढ्यातला तांब्या भरून आणला.

वाडीत मी तेच सांगितलं. कच्ची होती. महिनाभर आधी आली. पोर अगदी एवढीशी, तळहातावर मावेल एवढी. सांगता सांगता मी तिला लहान लहान करत गेले. मोठं करून सांगायची सवय जन्माची, पण त्या एकाच गोष्टीला मी कमी करून सांगितलं. वाडी रडली. माझ्यासाठी रडली. माझ्या शब्दाबाहेर गेलेली ती पहिलीच, म्हणून.

तोवर मलाही ठाऊक नव्हतं, चूक कुठे झाली ते. नखं दिसली होती, पण अंगठा खोटं बोलेल असं वाटत नव्हतं. दिवाळी केली नाही, पण मुलं मागे लागली म्हणून काहीतरी गोड करायला फडताळ उघडलं. मनूने घासून ठेवलेल्या डब्यांच्या रांगेत एक डबा जड लागला. आत अनारशाचं पीठ. ते महिनोन् महिने टिकतं. थोरल्याने विचारलं, आई, हे कधीचं गं? मी म्हटलं, धोंड्यातलं.

डबा हातात तसाच राहिला. श्रावण, मग धोंडा, मग भादवा, मग आश्विन. मी पहिल्यांदाच पेरांवरून न मोजता मोजत होते. आश्विनाशी नऊ पुरे झाले. वर नऊ दिवस म्हणजे एकादशी खरी, पण कार्तिकी नव्हे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची. त्या दिवशी हिराबाय पायरीवर बसून मनूकडे बघत होती.

ते पीठ मी खाडीत टाकलं. कुणाला काही सांगितलं नाही. त्यानंतर दिवस सांगायचंही सोडलं. बायका यायच्या, मी म्हणायची, आता डोळे अधू झाले. पोटाकडे बघायला डोळे लागतात ना. पाढा मात्र विसरता येत नाही. झोपेतसुद्धा अंगठा चालतो. हिराबायकडून मासे घेते. ती त्या दिवसाबद्दल बोलत नाही. मी भाव करत नाही. आणि समोर वाटा लावते तेव्हा मी दुसरीकडे बघते.

मनू काल आली, वाणासाठी, वसंतरावांबरोबर. तीन वर्षांनी तिला पुन्हा दिवस आहेत, पाचवा लागेल. हे तिने दारातच सांगितलं. वसंतरावांनी घसा साफ केला आणि ह्या वेळी खरंच बोलले. म्हणाले, वहिनी, ह्या वेळीसुद्धा बाळंतपण इथेच असं तिचं म्हणणं आहे. वाडीतल्या दोघी-तिघी लगेच जमल्या. एक म्हणाली, सांगा की दिवस, नणंदेला तरी सांगाल. मनूने तिथी सांगितली, आणि सगळ्या माझ्या हाताकडे बघायला लागल्या. मी हात पदराखाली घेतले.

तिच्या महिन्यांतही हा श्रावण दोनदा येतो. तेवढं तरी बोलायला हवं होतं. रात्रभर ते एकच वाक्य मी मनात घोळवलं. त्याच्या मागेपुढे काय काय लावता येईल तेही बघितलं. पंचांगाचा दोष काढता येत होता, डॉक्टरीणबाईंचा काढता येत होता, दसऱ्याचाही.

आज दुपारी आम्ही चुलीपाशी बसलो. मनू तशीच पाटावर तिरकी बसली, पोट अजून तेवढं नसूनही. केळीच्या पानावर खसखस पसरून गोळे थापत होती. पहिला अनारसा हसला. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत राहिलो. मी तो झाऱ्याने गोळा करून बाजूला काढला, दुसरा सोडला, आणि कढईकडेच बघत म्हटलं,

“मनू, ह्या वेळी धोंडा धर हां मोजणीत. मागच्या वेळी मी धरला नव्हता.”

तिने पानावर खसखशीची चिमूट टाकली, बोटाने सारखी केली, गोळा थापला आणि माझ्याकडे सरकवला.

“मी धरला होता,” ती म्हणाली.